हेझल स्कॉट यांना कसे ऐकावे आणि कसे पाहावे

जॅझ पियानोवादक हेझल स्कॉट यांची ओळख बहुतेकांना 1943 सालच्या 'द हीट्स ऑन' या चित्रपटातून होते. त्यात त्या एक काळा आणि एक पांढरा असे दोन पियानो एकाच वेळी वाजवतात, आणि तो प्रसंग पाहून थक्क झालेला श्रोता बहुधा तिथेच थांबतो. या कृष्णवर्णीय कलावतीचे खरे मोल ज्याला जाणून घ्यायचे आहे त्याने सुरुवात तिथून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी वादन नुसते ऐकावे. चित्रपट नंतर पाहावेत.

पहिल्यांदा 1955 सालची 'रिलॅक्स्ड पियानो मूड्स' ही ध्वनिमुद्रिका घ्यावी. सोबतीला बासवर चार्ल्स मिंगस आणि ड्रम्सवर मॅक्स रोच आहेत. एकदा केवळ पियानोकडे लक्ष द्यावे आणि दुसऱ्यांदा बासच्या मागे मागे जावे, म्हणजे स्कॉट कुठे मुद्दाम थांबतात आणि साथीदारांना किती मोकळी जागा देतात, हे ध्यानात येते.

त्यानंतर 1940 सालच्या 'स्विंगिंग द क्लासिक्स'कडे वळावे. येथे मात्र थोडी पूर्वतयारी हवी. शोपँ, बाख, लिस्ट या पाश्चात्त्य अभिजात संगीतकारांच्या ज्या रचना त्यांनी निवडल्या, त्या आधी मूळ स्वरूपात ऐकाव्यात, कारण मूळ स्वरावली कानात बसल्याशिवाय स्कॉट यांनी तिचे काय केले हे कळणे अवघड आहे. सुरुवातीला स्कॉट मूळ रचना बरीचशी जशीच्या तशी वाजवतात. मग डावा हात बूगी-वूगी या जलद पियानोशैलीचा अखंड ठेका धरतो आणि उजव्या हातातले आघात ठरलेल्या जागेवरून सरकू लागतात. हा बदल नेमका कोणत्या क्षणी होतो, ते पुन्हा पुन्हा ऐकून शोधावे. त्यात रशियन संगीतकार रखमानिनॉव्हच्या सी शार्प मायनर प्रेल्यूड या छोट्या पियानोरचनेकडे विशेष लक्ष द्यावे. 11 जून 1920 रोजी त्रिनिदादमधील पोर्ट ऑफ स्पेन येथे जन्मलेली आणि पियानोवादक आईबरोबर लहानपणीच न्यूयॉर्कला आलेली ही मुलगी आठव्या वर्षी जुलियार्ड या संगीतविद्यालयात प्रवेशपरीक्षेला बसली, तेव्हा तिने हीच रचना वाजवली होती. दूरच्या स्वरांपर्यंत बोटे पोहोचत नव्हती म्हणून तिने तिथे जवळचे स्वर योजले, आणि प्रवेशाचे किमान वय सोळा असतानाही तिला तेथील प्राध्यापकाकडे खाजगी शिकवणी मिळाली.

चित्रपट पाहताना कथेपेक्षा श्रेयनामावली आणि वेशभूषा यांकडे पाहावे. मोलकरणीच्या भूमिका त्यांनी साफ नाकारल्या होत्या, आणि आपले नाव 'हेझल स्कॉट, स्वतःच्या भूमिकेत' असेच झळकावे, असा त्यांचा आग्रह असे. 'द हीट्स ऑन'च्या वेळी सैनिकांना निरोप देणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांना मळके एप्रन घालायला लावले, म्हणून त्यांनी तीन दिवस काम थांबवले. वेशभूषा बदलली गेली. परंतु हॉलिवूडची दारे त्यांच्यासाठी हळूहळू बंद झाली. हे ठाऊक असले म्हणजे दोन पियानोंचा तो प्रसंग वेगळाच दिसतो.

1950 सालच्या घटना तारखांच्या क्रमानेच वाचाव्यात. उन्हाळ्यात ड्यूमाँट या अमेरिकी दूरचित्रवाणी वाहिनीवर त्यांच्या नावाचा कार्यक्रम सुरू झाला. त्याच सुमारास 'रेड चॅनल्स' या, कलावंतांची यादी छापून त्यांच्यावर कम्युनिस्ट संबंधांचा ठपका ठेवणाऱ्या पुस्तिकेत त्यांचे नाव आले. 22 सप्टेंबरला त्यांनी स्वतःहून अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहाच्या, कम्युनिस्ट संबंधांची चौकशी करणाऱ्या समितीपुढे साक्ष दिली, आणि आठवडाभरात कार्यक्रम बंद झाला. त्या साक्षीची नोंद उपलब्ध आहे. ती उताऱ्यांमधून न वाचता सलग वाचावी, कारण आरोप नाकारतानाच त्या अशा यादीची पद्धतच अन्यायाची कशी आहे, हे मुद्देसूद मांडतात.

पुढे त्या पॅरिसला गेल्या, 1967 मध्ये परतल्या आणि 2 ऑक्टोबर 1981 रोजी न्यूयॉर्क येथे निवर्तल्या. पॅरिसच्या काळातील 1958 सालचा, अभिनेते ज्याँ गाबँ यांची प्रमुख भूमिका असलेला फ्रेंच चित्रपट 'ल देझॉर्द्र ए ला न्वी' हॉलिवूडपटांनंतर लगेच पाहावा. तिथे त्या स्वतः म्हणून नव्हे, तर कथेतले एक पात्र म्हणून वावरतात.