क्लिअर कोटची चमक पॉलिशने नाही, गनने येते

गाडी रंगवताना रंगाच्या थरावर, म्हणजे बेस कोटवर, स्प्रे गनने जो पारदर्शक थर मारतात तो क्लिअर कोट. पुट्टी, प्रायमर, घासाई, मास्किंग (रंग नको तिथे कागद लावणं) सगळं झालंय आणि बेस कोट सुकून पूर्ण मॅट दिसतोय, असं धरून चालतो. कुठे ओलसर चकाकी असेल तर अजून थांबा. मग टॅक क्लॉथ (धूळ टिपणारं चिकटसर कापड) हलक्या हाताने फिरवा, जमिनीवर पाणी शिंपडा आणि कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढा.

तोंडाला रुमाल बांधून 2के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचं क्लिअर, मारू नका. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते कापडाने अडत नाही आणि त्याने जडलेला दमा आयुष्यभर सोबत राहू शकतो. बाहेरून हवा पुरवणारा मास्क सर्वात चांगला. तो नसेल तर निदान रासायनिक वाफांचं कार्ट्रिज असलेला मास्क, चष्मा आणि हातमोजे हवेतच.

डब्यावर क्लिअर आणि हार्डनरचं प्रमाण 2:1 लिहिलंय तर मापाच्या भांड्यात 2:1च घ्या. 'हार्डनर जरा जास्त टाक, लवकर वाळेल' हा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो आणि तो चुकीचा आहे. थर ठिसूळ होतो. स्वस्त पडतं म्हणून एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगांचं) थिनरही घालू नका, झळाळी तिथेच मरते. कंपनीने सांगितलेलंच थिनर वापरा. एप्रिल-मेच्या नाशिकच्या उन्हाळ्यात ते स्लो, म्हणजे सावकाश उडणारं, घ्या. फास्ट थिनर क्लिअर पसरायच्या आतच उडून जातं आणि बोनेटवर संत्र्याची साल, म्हणजे सालीसारखा खडबडीतपणा, उमटते. डिसेंबरात सकाळी पत्रा गार असतो, तेव्हा ऊन वर येईपर्यंत गनला हात लावू नका. पावसाळ्यात बूथ (रंगकामाची बंद खोली) नसेल तर काम पुढे ढकला.

गनला 1.3 किंवा 1.4 मिमीचं नोझल. पहिला हात, म्हणजे पहिला थर, हलका आणि सलग.

खरी परीक्षा यानंतर. मला सगळ्यात उशिरा जमलेली गोष्ट म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या हातामधलं थांबणं. घड्याळ लावून दहा मिनिटं मोजणं पुरेसं नाही, कारण मेमधली दहा मिनिटं आणि जानेवारीतली दहा मिनिटं सारखी नसतात. पॅनेलशेजारच्या मास्किंग कागदावर उडालेल्या क्लिअरला बोट लावा. बोट उचलताना क्लिअरची तार सुटली तर थांबा. चिकट लागतंय पण बोट कोरडं निघतंय, तेव्हा दुसरा हात मारा. घाई केली तर खालचं थिनर आत अडकतं आणि बाहेर पडताना टाचणीच्या टोकाएवढी भोकं पाडतं. ती पॉलिशने जात नाहीत. तो भाग घासून पुन्हा क्लिअर मारावं लागतं.

दुसरा हात पूर्ण ओला पडला पाहिजे. गन वीतभरापेक्षा किंचित जवळ आणि पत्र्याला काटकोनात धरा. मनगट वळवायचं नाही, अख्खा हात सरकवायचा. प्रत्येक पट्ट्याने आधीचा निम्म्याहून जास्त झाकावा. नजर गनवर ठेवू नका, ओल्या थरात पडलेल्या ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबावर ठेवा. गन पुढे गेल्यावर त्या प्रतिबिंबाची कड क्षणभर खडबडीत दिसते, मग सावकाश सरळ होते. ती सरळ झाली नाही तर थर कोरडा पडतोय, वेग कमी करा. कड खाली सरकायला लागली तर ओघळ येणार, वेग वाढवा. दारं उभी असतात, तिथे हात बोनेटपेक्षा चपळ हवा. ओघळ आलाच तर ओल्यात बोट किंवा ब्रश लावू नका, पूर्ण वाळल्यावर तो घासून काढता येतो.

'चमक पॉलिशने आणू' म्हणत कोरडा थर मारणाऱ्यांचा मला राग येतो. साल घासून सपाट करताना क्लिअरच पातळ होतं. वर्षाचे कितीतरी महिने गाडी उघड्यावर तापणाऱ्या आपल्याकडे, उन्हापासून रंगाचं रक्षण करणारा थर तोच आहे. पॅनेलच्या धारांवर, म्हणजे कडांवर, तर तो आधीच पातळ असतो, तिथे पेपर लावूच नका.

धुळीचा एखादा कण राहिला तर पूर्ण वाळल्यावर 2000 च्या वॉटर पेपरने पाण्यासकट अलगद घासा, मग 3000, मग कंपाउंड (पॉलिशची पेस्ट). वॅक्स निदान 30 दिवसांनंतर.