तीन पत्ती येते? मग पोकर शिकताना इथे सांभाळा
गणपतीत रात्रीच्या जागरणाला कोकणातल्या ओटीवर पत्ते निघतातच, आणि तीन पत्ती बहुतेकांना येते. तीच सवय पोकरमध्ये गोंधळ करते. तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीने येणारी पानं) कलरपेक्षा (सगळी पानं एकाच चिन्हाची, जसं सगळी बदाम) मोठी. पोकरमध्ये उलट, कलर मोठा. कारण मोजणीत आहे: तीन पानांत साध्या सिक्वेन्स 720 आणि कलर 1,096 होतात, पाच पानांत मात्र सिक्वेन्स 10,200 आणि कलर फक्त 5,108. जे दुर्मिळ ते वरचं. एवढं कळलं की निम्मं पाठांतर वाचतं. एक्का-दुर्री-तिर्रीही तीन पत्तीत भारी असते, पण पोकरमध्ये एक्क्यापासून पंजीपर्यंतची सिक्वेन्स सगळ्यांत लहान.

टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात प्रत्येकाला दोन झाकली पानं, मध्ये आधी तीन, मग एक, मग आणखी एक उघडं. सातांतली उत्तम पाच धरायची.

पहिले दहा डाव सगळ्यांची पानं उघडी ठेवून खेळा आणि कोण का जिंकलं ते मोठ्याने बोला. पैसे नकोतच, चिंचोके मोजून वाटा. काहीच लावलं नाही तर कुणी पॅक करत (पानं टाकून डाव सोडत) नाही, आणि पॅक कधी करायचं तेच तर शिकायचं असतं.