साथीच्या काळात घरासाठी मदत शोधताय? या चुका टाळा

साथ पसरली की मदतीचे हात कमी पडतात, ही तक्रार नेहमीची. ती काही अंशी खरीही असते. पण मदतगटात येणारे निरोप सलग वाचत गेलं की दुसरीच गोष्ट डोळ्यांत भरते. एकीकडे गाडी घेऊन निघायला माणूस तयार असतो, दुसरीकडे घर अडलेलं असतं आणि मधला निरोप अर्धवट असतो. घोडं पेंड खातं ते तिथेच.

‘खूप अर्जंट आहे, जमेल ती मदत करा’

असा निरोप शंभर जण पुढे ढकलतात आणि एकही जण उठत नाही. डॉक्टर हवाय, औषध हवंय की गाडी? कुठे? निरोप आजचा की गेल्या आठवड्यातला? सगळेच ‘अर्जंट’ लिहितात, त्यामुळे त्या शब्दाला काही किंमत उरत नाही. ‘घरी चारच गोळ्या उरल्यात’ या वाक्याला मात्र असते.

चालणारा निरोप साधारण असा दिसतो:

‘तारीख ११, सकाळी ९. घरात तिघं : दोघं आजारी, एक सात वर्षांचं मूल. हवं ते : मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम, साधी गोळी, ३० नग, उद्या रात्री ८ पर्यंत. चिठ्ठीचा फोटो आहे. दुसरा मजला, लिफ्ट नाही. पिशवी दाराबाहेर ठेवून फोन करावा. पैसे लगेच पाठवू. मिळालं की इथेच कळवू.’

यात सर्वाधिक वेळा राहून जातं ते ‘कधीपर्यंत’. वेळ दिलेली असली की मदत करणाऱ्याला आधी कुठे जायचं ते ठरवता येतं. जाहीर गटात फक्त भाग लिहा. पूर्ण पत्ता, ओळखपत्र आणि तपासण्यांचे अहवाल ‘मी येतो’ म्हणणाऱ्या एकाच माणसाला द्या.

याच चुकीची दुसरी बाजू म्हणजे एकच मागणी वीस गटांत टाकणं. मग त्याच गोळ्या तिघं आणून देतात आणि पुढच्या वेळी कुणीच येत नाही. शिवाय काम झाल्यावर बहुतेक जण ती मागणी बंद करत नाहीत. ‘मिळालं, धन्यवाद, आता नको’ एवढं जिथे जिथे मागितलं तिथे तिथे लिहायचं. ते न लिहिल्यामुळे चार दिवसांनीही फोन येत राहतात आणि स्वयंसेवकाचे ते तास दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याचे असतात.

फोन आजारी माणसाच्याच हातात

धाप लागलेला माणूस दिवसभर फोन घेऊ शकत नाही. मदत मिळवून देण्याचं काम घराबाहेरच्या, धडधाकट अशा एकाच व्यक्तीकडे सोपवा. ती दुसऱ्या शहरात असली तरी चालतं, किंबहुना बरंच पडतं. लांबचे नातेवाईक ‘मी काय करू?’ विचारतात, त्यांना देण्यासारखं हे खरं काम आहे. त्यांच्याकडे एका कागदाचा फोटो असू द्या : प्रत्येकाचं नाव, वय, जुने आजार, अ‍ॅलर्जी, रोजची औषधं, डॉक्टरांचा नंबर, विमा पॉलिसीचा क्रमांक आणि जवळच्या दोन शेजाऱ्यांचे नंबर.

औषधाचं फक्त ब्रँडचं नाव सांगणं

पुरवठा विस्कळीत झाला की आधी गायब होतो तो एखादा ब्रँड. तेच औषध दुसऱ्या नावाने बऱ्याचदा शेजारच्याच दुकानात पडलेलं असतं. म्हणून स्ट्रिपच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा. त्यात तीन गोष्टी वाचता आल्या पाहिजेत : औषधाचं जेनेरिक नाव (म्हणजे ब्रँडचं नाही, मूळ औषधाचं नाव), मिलिग्रॅम आणि पुढे ‘एसआर’ किंवा ‘एक्सआर’ अशी अक्षरं आहेत का. ही अक्षरं असलेली गोळी शरीरात हळूहळू विरघळते. तिच्या जागी साधी गोळी परस्पर घेऊ नये, तशीच ती तोडून किंवा कुटूनही घेऊ नये. बदल करायचा तर डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारून.

रोजचं औषध दहा दिवसांचं उरलं की शोध सुरू करा, शेवटची गोळी हातात आल्यावर नाही. इन्सुलिन मागवताना आणणाऱ्याला आधीच सांगून ठेवा. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं, पण ते गोठलं तर वाया जातं. दाराबाहेर उन्हात दोन तास पडलेली पिशवी, किंवा बर्फाला थेट टेकलेली बाटली, दोन्ही घातकच. वापरात असलेली बाटली किती दिवस चालते ते प्रकारानुसार बदलतं (अनेक प्रकारांत सुमारे चार आठवडे), म्हणून उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा.

मदतीच्या किटमध्ये पॅरासिटामॉलची पाकिटं असतात आणि बरोबर सर्दी-तापाच्या गोळ्याही. त्या सर्दीच्या गोळ्यांतही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतंच. निरोगी प्रौढाला सगळं मिळून २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर जाता येत नाही. यकृताचा त्रास असेल किंवा वजन फार कमी असेल, तर मर्यादा याहून खाली असते. मुलांचा डोस वजनावरून ठरतो, चमच्याच्या अंदाजाने नाही.

‘सिलिंडर मिळाला’ म्हणून सुटकेचा निःश्वास

श्वसनाच्या आजाराच्या साथीत सगळ्यात महागडी चूक इथे होते. ऑक्सिजनचा सिलिंडर येतो, पण त्याबरोबर रेग्युलेटर (आतला दाब कमी करून ऑक्सिजन बाहेर सोडणारा भाग) नसतो. रेग्युलेटर असला तर तो त्या व्हॉल्व्हला बसत नाही, नाहीतर उघडायची चावी नसते. मागतानाच पूर्ण संच मागा : सिलिंडर, त्याला बसणारा रेग्युलेटर आणि फ्लोमीटर (मिनिटाला किती लिटर जातो ते दाखवणारा), ह्युमिडिफायरची म्हणजे ऑक्सिजन ओलसर करणारी बाटली, चावी, नेझल कॅन्युला (नाकात लावायची नळी) किंवा मास्क. आणणाऱ्याला जोडणीचा फोटो पाठवायला सांगा. आतला दाब दाखवणारा काटा कुठे आहे तेही त्या फोटोत दिसतं.

मग हिशेब करा. सिलिंडरची पाण्याची क्षमता (आत किती पाणी मावेल ती) लिटरमध्ये घेऊन तिला काट्यावरच्या ‘बार’ने, म्हणजे दाबाच्या आकड्याने गुणा, म्हणजे आतला ऑक्सिजन साधारण किती लिटर ते कळतं. १० लिटरचा सिलिंडर १५० बारला भरलेला असेल तर १,५०० लिटर. मिनिटाला २ लिटर लावला तर तो साडेबारा तास पुरतो, ५ लिटर लावला तर पाचच तास. म्हणजे संध्याकाळी सहाला आलेला सिलिंडर रात्री अकराला संपणार. दुसरा कुठून येणार ते सहालाच ठरलेलं हवं, आणि हिशेबातला शेवटचा तास हातचा राखावा. कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं विजेचं यंत्र) मिळाला तर तो मिनिटाला किती लिटर देतो ते विचारा आणि वीज गेल्यावर काय करणार तेही ठरवा. किती लिटर लावायचा हे डॉक्टर सांगतील. त्या खोलीत आगपेटी, सिगारेट नको, व्हॉल्व्हला तेल किंवा ग्रीस लावायचं नाही, आणि सिलिंडर आडवा पडणार नाही असा बांधून ठेवा.

बोटाला लावून रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणाऱ्या ऑक्सिमीटरचीही गंमत असते. गार बोटं, नेलपॉलिश आणि हालणारा हात यांमुळे आकडा चुकतो. सावळ्या त्वचेवर तो खऱ्यापेक्षा थोडा जास्तही दिसू शकतो. पाच मिनिटं शांत बसा, बोट गरम करा आणि आकडा मिनिटभर स्थिर राहिला की मगच लिहा. विश्रांतीत ९४ च्या खाली गेला तर डॉक्टरांना फोन करा. ९० किंवा त्याखाली असेल तर फोनाफोनी बंद करून रुग्णालय गाठा. आकडा चांगला असूनही धाप लागत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर धाप आणि ओठ यांच्यावरच विश्वास ठेवा.

आलेलं सामान अंदाजाने वापरणं

ओआरएसचं पाकीट अर्धं-अर्धं करून वापरू नका. काही पाकिटं १ लिटरसाठी असतात, काही २०० मिलीसाठी, तेव्हा वर काय लिहिलंय ते बघून सगळं पाकीट तेवढ्याच पाण्यात घाला. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाणी, सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ वाढलं तर बाळाला अपाय होतो. २४ तासांनी उरलेलं टाकून द्या.

ब्लीच ५ टक्क्यांचं असेल तर १ लिटरच्या मापात २० मिली ब्लीच घेऊन बाकी पाणी भरा. फरशी-दारं पुसायला एवढं पुरतं. ते रोज ताजं करा, आणि टॉयलेट क्लीनर किंवा अमोनिया असलेल्या द्रावणात कधीच मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

मुलांचा विचार सगळ्यात शेवटी

आई-वडील दोघंही एकाच दिवशी दाखल होऊ शकतात, हे घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. मग रात्री दोनला मूल कुणाकडे ठेवायचं यावर फोन सुरू होतात. आधीच दोन नावं ठरवा आणि त्या दोघांना स्पष्ट विचारून होकार घ्या. ‘आजी-आजोबा आहेतच’ हे उत्तर नेहमी चालत नाही. कोविड-१९ सारख्या आजारात वयस्कांनाच जास्त धोका असतो आणि मूल संसर्ग घेऊन तिथे जाऊ शकतं.

मुलाच्या पिशवीत एक कागद ठेवा : वजन, अ‍ॅलर्जी, औषधं, डॉक्टरांचा नंबर, झोपताना काय लागतं, कशाची भीती वाटते, आणि त्याला न्यायला कुणी यायचं. गरज पडल्यास उपचार करायला आमची संमती आहे, अशी दोघांच्या सहीची चिठ्ठीही घाला.

पैशाच्या मदतीचे अर्ज

इथे चुका किरकोळ असतात, पण अर्ज त्यांच्यामुळेच अडकतो. ओळखपत्रावर एक स्पेलिंग, बँकेत दुसरं. खातं व्यवहार नसल्याने निष्क्रिय झालेलं. फोटो इतका पुसट की क्रमांक वाचता येत नाही. अर्ज केल्यावर मिळालेल्या क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा, आणि नकार आला तर कारण लेखी मागा, कारण अपील त्या कारणावरच करावं लागतं. दुकानांची आणि रुग्णालयांची बिलं थर्मल कागदावर असतील तर काही महिन्यांत अक्षरं उडतात, म्हणून त्याच दिवशी फोटो काढा. कर्जाचे हप्ते पुढे ढकलण्याची सवलत मिळाली तर व्याज थांबतं का ते आधी विचारा. बहुतेक वेळा ते चालूच राहतं.

‘व्हेरिफाइड’ यादीवर डोळे झाकून विश्वास

जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारी २०२० मध्येच साथीत येणाऱ्या खऱ्या-खोट्या माहितीच्या पुराला ‘इन्फोडेमिक’ म्हटलं होतं. सिलिंडर, औषधं कुठे मिळतील याच्या याद्याही त्यातच फिरतात; तारीख आणि तपासणाऱ्याचं नाव नसलेली यादी जुनी समजावी. फोन लावून ‘आत्ता आहे का, किती आहे’ एवढं विचारूनच ती पुढे पाठवा.

आगाऊ पैसे, ‘दहा मिनिटांत दुसऱ्याला देऊन टाकीन’ ही घाई, संस्थेचं नाव पण खातं एखाद्या व्यक्तीचं : यातलं एक जरी दिसलं तरी थांबा. ओटीपी मागणारा माणूस मदत करायला आलेला नसतो.

पहिल्याच आठवड्यात सगळी माणसं दमवणं

कोविड-१९ची जागतिक आणीबाणी ३० जानेवारी २०२० ला जाहीर झाली आणि ५ मे २०२३ ला उठली. सगळीच संकटं इतकी लांबत नाहीत, पण पहिल्या लाटेतला उत्साह तिसऱ्या आठवड्यात उरत नाही, हे मात्र नेहमीचंच. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणाऱ्यांना त्याच फोनवर वार वाटून द्या : सोमवारी औषधं, बुधवारी भाजी-किराणा, शनिवारी मुलांशी तासभर व्हिडिओ कॉल. घरात काळजी घेणारी व्यक्ती शक्यतो एकच ठेवा, ती आजारी पडली तर कोण ते लिहून ठेवा, आणि तिला रोज सलग सहा तासांची झोप मिळेल अशी पाळी लावा. रात्री दर चार तासांनी ताप बघायचा असेल, तर एका वेळेचा गजर दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर लागलेला हवा.