दिल्लीत एकच दिवस असेल तर लोधी रोड धरा

दिल्लीत एक दिवस मोकळा मिळाला की आपण टॅक्सी ठरवतो आणि आठ ठिकाणांची यादी उरकतो. मीही तेच केलं होतं, तेही मे महिन्यात. लक्षात राहिला तो सिग्नलवरचा उकाडा.

त्यापेक्षा लोधी रोडचा चार-साडेचार किलोमीटरचा एकच पट्टा निवडा: हुमायूनच्या कबरीपासून सफदरजंगच्या मकबऱ्यापर्यंत. इथे वास्तू आणि बाग वेगळ्या काढताच येत नाहीत. नोव्हेंबर ते मार्चमध्ये जा. लाल किल्ला आणि राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद असतात, म्हणून तो वार या फेरीला द्यायचा.

हुमायूनची कबर सकाळी लवकर गाठा. हजरत निझामुद्दीन स्टेशनावर उतरलात तर रिक्षानं थोडंसंच अंतर आहे. तिकीट ऑनलाइन काढून ठेवा. आत शिरल्यावर लगेच पुढे धावू नका. उजवीकडे शेरशाहाचा सरदार इसा खान याची अष्टकोनी कबर आहे, १५४७ची, म्हणजे हुमायूनच्या कबरीहूनही जुनी. मग मुख्य इमारत. ती हुमायूनची पत्नी बेगा बेगमनं बांधवून घेतली. चौथऱ्यावर चढलं की खाली चारबाग उलगडते: पाण्याचे अरुंद पाट आणि चार भागांत वाटलेली हिरवळ. ताजमहालाच्या साठेक वर्षं आधीची ही मांडणी आहे.

दुपार समोरच्या सुंदर नर्सरीत घालवा (तिकीट वेगळं). नव्या राजधानीसाठी रोपं तयार करायची ही जागा. डागडुजीनंतर २०१८मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली. सतरंजी असेल तर उत्तम.

तिथून रिक्षानं लोधी गार्डन. प्रवेश फुकट. खैरपूर नावाचं गाव उठवून १९३६मध्ये ही बाग केली, त्यामुळे पंधराव्या शतकातल्या घुमटांखाली आज लोक योगासनं करतात. इथे घाई नको. शीश गुंबदाजवळ जाऊन वर बघा: निळ्या फरशांची एक पट्टी अजून चिकटून आहे, बाकीच्या गळून गेल्यात. आठपुल्यावरून जाताना कमानी मोजा. सातच भरतील, आठ आहेत ते खांब.

सूर्यास्ताच्या तासभर आधी सफदरजंगच्या मकबऱ्याकडे चालत निघा. १७५२मध्ये मराठ्यांशी करार करणारा वजीर तो हाच. त्याच्या मकबऱ्यासाठी संगमरवर आणि लाल दगड निझामुद्दीनमधल्या रहीमच्या कबरीवरून उचकटून आणला, असं सांगतात. दोहे लिहिणारा तोच रहीम. सकाळी मथुरा रोडवर त्याची उघडी पडलेली कबर बघून ठेवली असेल, तर इथला दगड पाहताना मजा येते. थोडी चीडही.

परतीला जोर बाग मेट्रो जवळ आहे. पिवळी लाइन थेट नवी दिल्ली स्टेशनला सोडते.