बडोद्यात खाऱ्या पाण्याचा फिश टँक हलवताना

दांडिया बाजार ते गोत्री अंतर काही फार नाही, पण उन्हाळ्यात दुपारी टँक हलवायचा नाही, सकाळी लवकर निघा. आदल्या दिवशीच आरओच्या पाण्यात मरीन सॉल्ट (घरातलं मीठ नाही हां!) घालून १.०२५ स्पेसिफिक ग्रॅव्हिटीला (पाण्याच्या खारटपणाचं माप) आणून ठेवा, कारण जुनं पाणी थोडं सांडतंच. लाईव्ह रॉक (टँकमधले उपयोगी बॅक्टेरिया असलेले दगड) जुन्या पाण्यातच बुडवून न्या, सुकला की त्यातले बॅक्टेरिया मरतात आणि मग माशांना घातक अमोनिया वाढतो. दगड काढल्यावरच मासे पकडा, सोपं जातं, बादलीत बॅटरीवाला एअर पंप लावा. खरी कटकट वाळूची, तळाची घाण आणि हायड्रोजन सल्फाइड (विषारी वायू) वर येतं, म्हणून खाऱ्या पाण्यात खळबळून धुवा नाहीतर सरळ नवीनच टाका. पुढचा आठवडाभर रोज अमोनिया टेस्ट करा, खाणं अगदी कमी द्या.