क्रेडिट कार्डाचा कॅशबॅक पदरात कसा पाडून घ्यावा

ज्यांच्या हाती कार्ड आहे, ज्यांच्या खात्यात दरमहा ठरलेले पैसे येतात आणि किराणा, पेट्रोल, वीजबिल, ऑनलाइन खरेदी हा खर्च ज्यांना कार्ड असो वा नसो करावाच लागतो, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. कार्डासाठी अर्ज कसा करावा, कोणती कागदपत्रे जोडावीत, हे येथे सांगत नाही. गेली बारा-तेरा वर्षे घरचा बहुतेक खर्च मी कार्डावर करतो आणि परत मिळालेली रक्कम वहीत टिपून ठेवतो. त्या वहीवरून एक गोष्ट ठामपणे सांगता येते. कोणते कार्ड किती टक्के देते याची चर्चा सगळीकडे चालते; बिल नेमके कसे भरावे याबद्दल मात्र कोणी नीट बोलत नाही, आणि मिळवलेले पैसे जातात ते तेथूनच.

पहिली पायरी: स्वतःचा खर्च मांडा

मागील बारा महिन्यांची बँक विवरणे उघडून किराणा, इंधन, ऑनलाइन खरेदी, बिले आणि प्रवास अशी पाच खाती पाडा. ज्या खात्यात सर्वाधिक पैसे जातात त्यावर चांगला परतावा देणारे एक कार्ड आणि उरलेल्या खर्चासाठी दुसरे एक साधे कार्ड, एवढे पुरते. आठ-दहा कार्डे बाळगण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला मुळीच मान्य नाही, कारण जेवढी कार्डे तेवढ्या बिल भरण्याच्या तारखा, आणि एक तारीख चुकली की वर्षाची कमाई जाते.

दुसरी पायरी: पॉइंटांचे रुपये करा

जाहिरातीत पॉइंट, म्हणजे खर्चावर मिळणारे बक्षीस-गुण, दिसतात; आपल्याला रुपये पाहायचे आहेत. समजा, एखादे कार्ड दर १५० रुपयांना ४ पॉइंट देते आणि एका पॉइंटची किंमत २५ पैसे आहे. म्हणजे १५० रुपयांवर १ रुपया, अर्थात पाऊण टक्क्याहूनही कमी. त्यातच काही कार्डांवर प्रत्येक व्यवहाराचे दीडशेचे पूर्ण टप्पे मोजतात. २९० रुपयांच्या बिलाला मग एकाच टप्प्याचे पॉइंट मिळतात. शिवाय त्याच पॉइंटची किंमत विमानाच्या तिकिटासाठी वेगळी, भेटवस्तूंच्या यादीत वेगळी आणि बिलात वळते करून घेताना आणखी वेगळी असते. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी विमानाने जाणाऱ्या कुटुंबाने पॉइंटांच्या मागे लागू नये, बिलात थेट वजा होणारा कॅशबॅक घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

वार्षिक शुल्कही याच हिशेबात धरा. ९९९ रुपयांच्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागून ते सुमारे १,१७९ रुपये होते. सरासरी १ टक्का परतावा मिळत असेल, तर वर्षाचे पहिले १ लाख १८ हजार रुपये केवळ ते शुल्क भरून काढण्यात जातात. ठरावीक खर्चानंतर शुल्क माफ होत असेल आणि तो खर्च आपला सहज होत असेल तरच असे कार्ड ठेवा. शुल्कमाफीचा आकडा गाठण्यासाठी नको असलेली वस्तू घेणे हा शुद्ध तोटा आहे.

तिसरी पायरी: कशावर मिळत नाही ते आधी वाचा

प्रत्येक दुकानाला कार्डव्यवस्थेत एक चार अंकी वर्गसंकेत दिलेला असतो: किराणा व सुपरमार्केटला ५४११, उपाहारगृहाला ५८१२, पेट्रोल पंपाला ५५४१, वॉलेटमध्ये पैसे भरण्याला ६५४०. बँक आपण काय घेतले ते पाहत नाही, हा संकेत पाहते. त्यामुळे मॉलमधल्या एखाद्या दुकानात तांदूळ-डाळ घेतली, तरी त्या दुकानाचा संकेत किराण्याचा नसेल तर किराण्याचा वाढीव परतावा मिळणार नाही. घरभाडे, वॉलेट, इंधन, सोने, विमा, सरकारी भरणा आणि मासिक हप्त्यांवरील खरेदी यांपैकी बऱ्याच गोष्टी अनेक कार्डांनी परताव्यातून वगळलेल्या असतात. नव्या दुकानात आधी लहान रकमेचा एक व्यवहार करून पाहावा आणि परतावा जमा झाला तरच मोठी खरेदी तेथे न्यावी.

कमाल मर्यादाही पाहा. ५ टक्के कॅशबॅकला महिन्याला १,००० रुपयांची मर्यादा असेल, तर २०,००० रुपयांच्या खरेदीनंतर ते कार्ड बाजूला ठेवून दुसरे काढावे. पेट्रोलवर बहुतेक कार्डे १ टक्का अधिभार माफ करतात, पण त्यावरचा जीएसटी सहसा परत येत नाही. शिवाय ही माफी म्हणजे लागलेला खर्च परत मिळणे आहे, तिला परतावा समजू नये. दुकानदार कार्डावर २ टक्के जादा मागत असेल तर सरळ यूपीआयने पैसे द्या. रुपे क्रेडिट कार्ड २०२२पासून यूपीआयला जोडता येते आणि कार्डयंत्र नसलेल्या भाजीवाल्याकडेही क्यूआर संकेतावर चालते. मात्र व्यक्तीकडून व्यक्तीला पैसे पाठवण्यासाठी ते वापरता येत नाही.

चौथी पायरी: बिल पूर्ण भरा, आणि ‘पूर्ण’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्या

सगळ्यांत अधिक काळजी लागते ती येथे, आणि माझीही मोठी चूक येथेच झाली.

कार्डाला दोन तारखा असतात. एक बिल तयार होण्याची आणि दुसरी ते भरण्याची, जी साधारणतः अठरा ते वीस दिवसांनी येते. बिलाची तारीख १५ असेल, तर १६ तारखेच्या खरेदीला जवळपास पन्नास दिवस बिनव्याजी मिळतात आणि १४ तारखेच्या खरेदीला जेमतेम तीन आठवडे. मोठी खरेदी बिलाच्या दुसऱ्या दिवशी करावी, हा सल्ला म्हणून योग्यच आहे. पण ही बिनव्याजी मुदत एका अटीवर मिळते: मागील बिलाची एकूण देय रक्कम वेळेत आणि संपूर्ण भरली पाहिजे. त्यातले शंभर रुपये जरी राहिले, तरी मुदत निलंबित होते. तसे झाल्यावर व्याज राहिलेल्या शंभरांपुरतेच न लागता प्रत्येक खरेदीवर तिच्या तारखेपासून लागू शकते, आणि पुढची नवी खरेदीही पहिल्या दिवसापासून व्याजात जाते.

माझी गोष्ट २०१८ची आहे. १५ ऑक्टोबरचे बिल ३८,६०० रुपयांचे होते. त्यात १८ सप्टेंबरला घेतलेले २२,००० रुपयांचे धुलाई यंत्र, २ ऑक्टोबरचे ९,६०० रुपयांचे ऑनलाइन सामान आणि १० ऑक्टोबरचे ७,००० रुपयांचे कपडे होते. त्या ऑनलाइन सामानातली २,४०० रुपयांची इंडक्शन शेगडी सदोष निघाली म्हणून मी परत केली. विक्रेत्याने पैसे परत करीत असल्याचा संदेशही पाठवला. ती रक्कम बिलातून जाणारच आहे, मग आपण कशाला भरायची, अशा समजुतीने मी ४ नोव्हेंबरला, म्हणजे अगदी वेळेत, ३६,२०० रुपये भरले. शेगडीचे पैसे कार्डावर जमा झाले १२ नोव्हेंबरला.

पुढच्या बिलात २,१०२ रुपये व्याज आणि ३७८ रुपये जीएसटी लागलेला होता. एकूण २,४८० रुपये, म्हणजे मी राखून ठेवलेल्या रकमेहूनही अधिक. ग्राहक सेवा केंद्राला मी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा ‘नियमानुसार आहे’ एवढेच उत्तर आले. शेवटी मी वहीत हिशेब मांडला. व्याजदर महिन्याला ३.६ टक्के, म्हणजे वर्षाला ४३.२ टक्के. धुलाई यंत्राच्या २२,००० रुपयांवर ४७ दिवसांचे १,२२४ रुपये, सामानाच्या ९,६०० रुपयांवर ३३ दिवसांचे ३७५, कपड्यांच्या ७,००० रुपयांवर २५ दिवसांचे २०७, राहिलेल्या २,४०० रुपयांवर ८ दिवसांचे २३, आणि २५ ऑक्टोबरला केलेल्या ११,००० रुपयांच्या दिवाळीच्या खरेदीवर २१ दिवसांचे २७३. रुपया न रुपया जुळला. अटींच्या पत्रकात हे सारे लिहिलेले होते. मी ते वाचले नव्हते. त्या बिलावरचा माझा कॅशबॅक हजार रुपयांच्या आत होता.

यावरून मी जे नियम पाळतो ते सांगतो. परत केलेल्या वस्तूची, रद्द केलेल्या तिकिटाची किंवा येणाऱ्या कॅशबॅकची रक्कम बिलातून मनाने कधीही वजा करू नये. बिलावर ‘एकूण देय रक्कम’ म्हणून जो आकडा छापलेला असतो तोच भरावा. रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट कार्डविषयक निर्देश १ जुलै २०२२पासून लागू झाले. त्यांनुसार भरण्याच्या तारखेपूर्वी परत आलेली रक्कम बँकेने देय रकमेतून लगेच वजा करून ग्राहकाला तसे कळवले पाहिजे. असे कळवल्याचा संदेश हाती असेल तरच कमी भरावे. माझ्यासारखे पैसे तारखेनंतर आले, तर या नियमाचा काहीही उपयोग होत नाही. आपण पूर्ण रक्कम भरली आणि वस्तूचे पैसे मागाहून परत आले, तर ते कार्डावर आपल्या नावे जमा राहतात, त्यात आपले नुकसान नाही.

दुसरे, खात्यातून आपोआप भरणा लावताना ‘किमान देय’ आणि ‘एकूण देय’ असे दोन पर्याय येतात. नेहमी दुसराच निवडा. किमान देय रक्कम भरली की दंड टळतो, व्याज टळत नाही; केवळ तीच भरत राहिल्यास परतफेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे लांबते, असा इशारा बिलावर ठळक छापणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. ‘किमान भरा, बाकी पुढच्या महिन्यात पाहू’ असे कोणी सुचवले तर ते ऐकू नका.

तिसरे, भरण्याची तारीख पगारानंतर येईल असे बिलाचे चक्र मागून घ्या. ते निदान एकदा बदलण्याची मुभा बँकेने दिलीच पाहिजे. भरण्याच्या तारखेनंतर तीन दिवसांपर्यंत उशिराचे शुल्क लावता येत नाही, असाही नियम आहे. परंतु ती सवलत दंडापुरती आणि सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांकडे थकबाकी कळवण्यापुरती आहे, तिच्यावर विसंबून बिल लांबवू नका.

चौथे, एकदा व्याजाच्या या चक्रात सापडलात तर केवळ छापील बिल भरून सुटका होईलच असे नाही, कारण बिल तयार झाल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचे व्याज पुढच्या बिलात उगवते. आजच्या तारखेची, बिलात न आलेल्या खरेदीसह एकूण बाकी विचारून घ्या, ती सगळी भरा आणि पुढची दोन बिले पूर्ण फिटेपर्यंत ते कार्ड वापरू नका. मी असेच बाहेर पडलो.

व्याजाला वरून काही मर्यादा असेल अशा भरवशावरही राहू नये. वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८मध्ये म्हटले होते; सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४मध्ये तो निर्णय रद्द केला. कार्डाने एटीएममधून रोख काढणे तर पूर्णपणे टाळा. तिला बिनव्याजी मुदत मिळतच नाही आणि वर शुल्कही लागते.

‘विनाव्याज हप्ता’ हा याच पायरीवरचा आणखी एक खड्डा. त्यात व्याजाएवढी सूट किमतीत दिलेली असते, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि अनेकदा प्रक्रिया शुल्क ग्राहकाच्याच माथी येते, आणि पुष्कळ कार्डांवर अशा खरेदीला कॅशबॅक मिळत नाही. पूर्ण पैसे हाताशी असतील तर हप्ते करू नयेत.

पाचवी पायरी: मिळालेले वेळेत उचला

कॅशबॅक आपोआप बिलात वजा होत असेल तर काहीच करायचे नाही. पॉइंट असतील तर त्यांची मुदत पाहा आणि दर सहा महिन्यांनी ते वळते करून घ्या, कारण बँका पॉइंटची किंमत कमी करू शकतात आणि साठवलेल्या पॉइंटांवर व्याज कोणी देत नाही. अनेक बँका वळते करण्याचे ९९ रुपये व जीएसटी असे शुल्क घेतात; म्हणून अगदी थोड्या पॉइंटांसाठी ते करू नये. आणि परत केलेल्या वस्तूवरचा कॅशबॅक बँक मागे घेते, हे वहीत टिपून ठेवा.

परदेशी चलनातली खरेदी साध्या कॅशबॅक कार्डावर करू नका. साडेतीन टक्के चलन-अधिभार आणि त्यावर जीएसटी मिळून ४.१३ टक्के जातात, मग दीड टक्का परत मिळून काय उपयोग? अमेरिकेत किंवा आखातात मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांनी निघण्यापूर्वी आपल्या कार्डाचा हा अधिभार विचारून घ्यावा.

सहावी पायरी: नको ते कार्ड बंद करा

वर्षातून एकदा, वार्षिक शुल्क लागण्याच्या महिनाभर आधी, त्या कार्डाने वर्षात किती रुपये दिले आणि किती घेतले ते वहीत पाहा. घेतलेले जास्त असेल तर शुल्क माफ करण्याची विनंती करा. नकार आला तर कार्ड बंद करा. आधी उरलेले पॉइंट उचला, आपोआप जाणारे भरणे दुसऱ्या कार्डावर न्या, बाकी शून्य करा आणि मगच लेखी विनंती पाठवा. बाकी नसताना सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद केले नाही, तर आठव्या दिवसापासून रोज ५०० रुपये तिने ग्राहकाला देणे लागते. विनंतीचा क्रमांक आणि तारीख म्हणून जपून ठेवा.