अतिशयोक्ती अलंकार लेखनात आणि भाषणात कसा वापरावा

अतिशयोक्तीची व्याख्या शालेय व्याकरणात सर्वांनी वाचलेली असते, त्यामुळे ती येथे पुन्हा देत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील वक्तृत्व स्पर्धांची तयारी करणाऱ्या मुलांना आणि कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांच्या साहित्य संमेलनांत वाचण्यासाठी लिहिणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो, तो म्हणजे ‘थोडे वाढवून लिही’. या सल्ल्याइतके नुकसान दुसऱ्या कशानेही होत नसेल. थोडे वाढवून लिहिलेल्या मजकुराला श्रोता अतिशयोक्ती म्हणत नाही. तो त्याला थाप म्हणतो, आणि पुढचे खरे बोलणेही त्याच हिशेबात धरतो.

सुरुवातीला वर्ण्य विषयाचा एकच गुण निवडावा. पावसाचा जोर, त्याची चिकाटी आणि त्याचा गारठा हे तिन्ही एकाच वाक्यात फुगवू नयेत.

मग त्या गुणाचे खरे माप माहीत करून घ्यावे.

यापुढची पायरी म्हणजे शक्यतेची मर्यादा ओलांडणे. बहुतेकांचे लेखन येथेच फसते आणि मलाही सर्वांत जास्त झगडावे लागले ते याच ठिकाणी. काव्यशास्त्रकार दंडीने लोकसीमा ओलांडून जाणारे कथन म्हणजे अतिशयोक्ती असे सांगितले आणि तिला अलंकारांत उत्तम ठरवले. त्यातले ‘ओलांडून’ हे शब्दशः घ्यावे. सीमेपर्यंत जाऊन थांबणे हा अलंकार नव्हे. गोकाकजवळ घटप्रभा नदी सुमारे ५२ मीटर उंचीवरून कोसळते. कोणी ‘शंभर मीटरवरून कोसळते’ असे लिहिले, तर ती निव्वळ चुकीची माहिती झाली, कारण शंभर मीटरचा धबधबा जगात असू शकतो आणि वाचक तो आकडा खरा मानून चालेल. ‘गोकाकच्या कड्यावरून निघालेला थेंब खाली पोहोचेपर्यंत म्हातारा होतो’ असे लिहिले, तर कोणाचीही फसवणूक होत नाही, आणि उंची मात्र आकड्यापेक्षा अधिक जाणवते. म्हणून माझा आग्रह असा की, दुप्पट, तिप्पट, दहापट ही भाषा अतिशयोक्तीत वापरूच नये. संख्या मोठी करण्याऐवजी घटनाच अशी योजावी की, ती घडणे अशक्य आहे हे ऐकताक्षणी कळावे.

ही सीमा सगळीकडे एकाच जागी नसते, ही गोष्ट सल्ला देणारे कधीच सांगत नाहीत. ‘आठ दिवस सूर्य दिसला नाही’ हे वाक्य बेळगाव जिल्ह्याच्या ईशान्येकडे, अथणीच्या कोरड्या पट्ट्यात उच्चारले तर अद्भुत वाटेल. तेच वाक्य पश्चिमेला मलप्रभेच्या उगमाशी, कणकुंबीत उच्चारले तर जुलै महिन्याची साधी बातमी ठरेल. कणकुंबीकरांसमोर बोलायचे असेल तर बरेच पुढे जावे लागते: ‘पाठ्यपुस्तकातील सूर्याचे चित्र पाहून मुलाने हे कोणते फळ आहे असे विचारले.’ श्रोत्यांनी रोज काय पाहिलेले आहे, हे ठाऊक नसताना लिहिलेली अतिशयोक्ती अर्ध्या गावाला फिकी आणि अर्ध्या गावाला खोटी वाटते.

एक उदाहरण टप्प्याटप्प्याने पाहू. विषय संकेश्वरी मिरची, गुण तिखटपणा. ‘फोडणी पडली आणि घरात सर्वांना ठसका लागला’ हे नेहमीचे वर्णन आहे. ‘शेजाऱ्यांनाही ठसका लागला’ हेसुद्धा रोज घडते. ‘सगळी गल्ली खोकू लागली’ येथे वाचक घुटमळतो, खरे की खोटे ते त्याला ठरवता येत नाही, आणि अशी घुटमळ झाली की वाक्य वाया गेले. ‘फोडणी संकेश्वरात पडली आणि हिरण्यकेशीच्या पलीकडच्या तीरावर म्हशी शिंकू लागल्या’ येथे शंका संपते. तरीही फोडणी, ठसका, नदी, म्हशी हे सर्व त्याच परिसरातले आहे. तेथे ज्वालामुखी किंवा अणुबॉम्ब आणला असता तर मिरची विसरली गेली असती.

साखळी वाढवायची असेल तर दमडीच्या तेलाचे जुने पद्य पुढे ठेवावे. दमडीच्या तेलात सासूबाईंचे न्हाणे होते, मामंजींची दाढी होते, भावोजींची शेंडी होते, उरलेले तेल झाकून ठेवले जाते, त्याला लांडोरीचा पाय लागतो, ओघळ वेशीपर्यंत जातो आणि त्यात उंट पोहून जातो. प्रत्येक पाऊल आधीच्या पावलातून निघते आणि सांगणारीचा आवाज शेवटपर्यंत कामाचा हिशेब दिल्यासारखा शांत राहतो. ‘प्रचंड’, ‘अफाट’, ‘भयानक’ यांपैकी एकही विशेषण तेथे नाही. आपल्या मजकुरातूनही ती काढून टाकावीत.

‘जणू’, ‘जणू काही’, ‘भासे’, ‘वाटे’ हे शब्द आले की वाक्य उत्प्रेक्षेकडे, म्हणजे एक गोष्ट जणू दुसरीच आहे अशी कल्पना करणाऱ्या अलंकाराकडे झुकते. तो अलंकारही सुंदर आहे, परंतु अतिशयोक्तीने अशी सूट मागू नये; म्हशी शिंकल्या म्हणजे शिंकल्या. ‘अक्षरशः’ हा शब्द तर कटाक्षाने टाळावा. ‘आभाळ कोसळले’, ‘आकाशपाताळ एक केले’ हे वाक्प्रचार एकेकाळी अतिशयोक्ती होते. आता ते केवळ अर्थ सांगतात. जरूर वापरावेत, पण अलंकार साधला असे मानू नये.

निवेदन, तक्रारअर्ज, बातमी आणि शोकसभेतील भाषण यांत हा अलंकार वर्ज्य समजावा. रस्त्याच्या दुरवस्थेबद्दल तहसीलदारांना निवेदन देताना खड्डे मोजूनच लिहावेत, कारण एक फुगवलेला आकडा अधिकाऱ्याला संपूर्ण अर्ज बाजूला सारण्याचे निमित्त देतो. त्याच रस्त्यावर सभेत बोलताना ‘आमच्या खड्ड्यात सकाळी उतरलेली बस संध्याकाळी पलीकडच्या काठाला लागते’ असे खुशाल म्हणावे.

शेवटी जागा ठरवावी. अतिशयोक्ती परिच्छेदात एकदाच आणि शक्यतो वाक्याच्या अखेरीस यावी. तिच्या पाठोपाठ लगेच दुसरी न आणता एक साधे, खरे वाक्य ठेवावे आणि भाषणात तेथे श्वासभर थांबावे.